बाकावर मांडी

माझ्या पायांविषयी बोलायला सात माणसं चर्चच्या तळघरात टेबलाभोवती बसली, आणि मला कोणी बोलावलं नाही. मला कळलं ते दुसऱ्या दिवशीच्या ईमेलमधून. ऑर्गनवादकाने यापुढे पायपट्ट्यांवर पाय ठेवताना ऑर्गनसाठीचे खास बूट घालणं बंधनकारक आहे, असं त्यात होतं. त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मी एकटीच. नाव घालायची त्यांना गरजच नव्हती.

ती जागा मला हवी होती, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या हर्नडनपासून दहा मिनिटांवरच्या त्या चर्चमध्ये मी तेरा वर्षं जात होते. माझे शिक्षक निवृत्त झाल्यावर तीन वर्षं दर रविवारी मीच वाजवत होते, ‘तात्पुरती’ म्हणून. आता कायमचा वादक निवडायचा होता. महिन्याभरात चाचणी होती, आणि चाचणीच्या तोंडावर हा नियम.

मी अनवाणी वाजवते. त्याला कारण आहे.

माझं माहेर मिरजेचं. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, आणि समोरच्या माडीवर पेटीचा क्लास. मला क्लासला घालावं असं घरात कोणाला सुचलं नाही, म्हणून नऊ वर्षांची असताना मीच जाऊन सौदा केला. क्लासच्या मास्तरांच्या बायकोचा हात जाडसर, बांगडी भरताना दरवेळी डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “काकू, मी न दुखवता भरते. बदल्यात अर्धा तास पेटी.” साबण लावून, अंगठा मुडपून एकेक बांगडी सरकवायची. एकही फुटली नाही. पेटी मी अशी शिकले. तिथे पेटीला चुकून पाय लागला तर आधी हात पेटीला आणि मग कपाळाला जायचा. हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही.

लग्न होऊन अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून. तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवसभर घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. एका दुपारी चालत जाताना चर्चच्या उघड्या दारातून आवाज आला. आमच्या पेटीचाच, पण डोंगराएवढ्या पेटीचा. आत गेले. बाकावर एक उंच, वाकलेला म्हातारा बसला होता. तो थांबला तेव्हा मी सरळ म्हटलं, “मला शिकवा.”

“तुम्ही या चर्चच्या आहात?”

“नाही. होणारही नाही.”

तो हसला. त्याच्या मागे दोन कपाटं होती, त्यांतून स्वरलेखनाची पुस्तकं अक्षरशः ओसंडत होती. मी म्हटलं, “हे सगळं लावून देते. एका खणाला एक तास शिकवणी.”

“एका कपाटाला एक तास.”

“मग कपाट तुम्हीच लावा,” असं म्हणून मी दाराकडे निघाले. खणावर ठरलं. एकूण चौदा खण होते. पंधराव्या तासाला काय द्यायचं हे त्यानेही विचारलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. त्या दिवसापासून मनात मी त्यांना मास्तर म्हणते.

पहिल्याच तासाला ते म्हणाले, “आता पाय ठेव.”

“कशावर?”

त्यांनी खाली बोट दाखवलं. बाकाखाली लांब लाकडी पट्ट्यांची रांग होती. ऑर्गनचा खर्ज तिथून निघतो आणि तो पायांनी वाजवतात. मी बाकावरून उठलेच. वाद्याला पाय लावायचा? त्यांनी कोपऱ्यातून जुने, पातळ तळाचे बूट काढून दाखवले. बूट घालून वाद्याला पाय लावायचा! मास्तरांना माझी अडचण समजावून सांगायला अर्धा तास गेला. शेवटी आमचं ठरलं ते असं: आधी वाकून पट्ट्यांना हात लावायचा, कपाळाला लावायचा, आणि मग अनवाणी वाजवायचं. तीन महिन्यांत एक जरी सूर बुटांविना चुकला तर बूट घ्यायचे. जोडवी लाकडाला घासतील म्हणून ती मी स्वतःहूनच उतरवली. स्वरलेखनाच्या स्टँडशेजारी चांदीची एक छोटी डबी ठेवायला लागले. वाजवायच्या आधी जोडवी डबीत, वाजवून झालं की पायात. बूट घ्यायची वेळ कधी आली नाही.

मास्तरांचं वेड म्हणजे चारेकशे वर्षांपूर्वीचं इटलीतल्या दरबारांचं संगीत. त्यात एक ऑर्गनवादक त्यांचा विशेष लाडका. सरदाराच्या पदरी नोकर. सकाळी प्रार्थनेला वाजवायचं, दुपारी धन्याच्या मुलींना शिकवायचं, संध्याकाळी जेवणाऱ्यांच्या पाठीमागे बसून वाजवायचं, मधल्या वेळात वाद्यं सुरात लावायची. त्याचे अर्ज मास्तर मला वाचून दाखवत. ऑर्गनजवळची खोली हवी, हिवाळ्यात लाकूड हवं, आणि शिकवत असताना मुलींच्या आईने मध्ये बोलू नये. मी म्हटलं, “हा आमच्या गावचा दिसतो.” मी घरी मराठी मुलांना पेटी शिकवते. दारावर पहिल्या दिवसापासून पाटी आहे: आईवडिलांनी गाडीतच थांबावं.

तर तो ईमेल. मी सरळ समितीच्या अध्यक्षबाईंकडे गेले. त्या नीटनेटक्या, पांढऱ्या केसांच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. माझ्यासारखीला अशी माणसं फार जड जातात.

“यात वैयक्तिक काही नाही,” त्या म्हणाल्या. “आता प्रार्थना ऑनलाइन दिसते. कॅमेरा ऑर्गनवर असतो. काही लोकांना जरा वेगळं वाटलं.”

“काय वेगळं वाटलं? पाय?”

“आणि पट्ट्यांवर ओरखडे आहेत. तुमच्या पायात ते... दागिने असतात.”

“ते वाजवताना पायात नसतात. डबीत असतात. तुमच्या कॅमेऱ्यात डबी दिसत नाही का?”

“असं मी म्हटलं नाही. लोकांचं म्हणणं सांगितलं.”

लोकांचं म्हणणं! तेरा वर्षांत एकानेही वाकून पट्ट्यांकडे पाहिलं नव्हतं, मला विचारणं तर दूरच. मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नवऱ्याला मात्र घरी शब्दन् शब्द ऐकवला. तो भात कालवत होता.

“अगं, बूटच ना? घाल की. काळे, छान दिसतील.”

“अहो, तुम्ही देवघरात बूट घालून जाता का?”

“ते देवघर नाही. आणि ज्यांचं आहे ते स्वतःच बूट घालून जातात.”

“त्यांनी जावं! मी त्यांना उतरवायला सांगितलेत का?”

“जागा जाईल तुझी,” तो म्हणाला, आणि ताक ओतून घेतलं. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

शनिवारी मास्तरांना भेटायला गेले. ते आता वृद्धाश्रमात असतात, बोटं वाकडी झाली आहेत. थालीपीठ नेलं होतं. ओरखड्यांचं ऐकून ते खो खो हसले. “ते माझे! माझ्या पहिल्या बुटांना खिळे होते. मी समितीला पत्र लिहितो.”

“नको.”

“का? खरं तेच लिहीन.”

“पत्राने जागा मिळाली तर ती तुमची मेहेरबानी होईल. आजवर मी काही फुकट घेतलेलं नाही.”

“चौदा खण,” ते म्हणाले, “आणि दहा वर्षं.” मग थालीपीठाचा तुकडा मोडत सहज बोलून गेले, “आपला तो दरबारी माणूस बरा. त्याच्या देशात तेव्हा ऑर्गनला पायपट्ट्या असल्याच तर आखूड, नुसत्या नावाला. सगळी कामगिरी हातांची.”

मी थालीपीठ खाली ठेवलं. घरी येऊन चाचणीचा कागद पुन्हा वाचला. उमेदवाराने स्वतःच्या पसंतीच्या, कुठल्याही काळातल्या तीन रचना वाजवाव्यात. आणि बूट कधी? पायपट्ट्यांवर पाय ठेवताना. लिहिणाऱ्याने व्यवस्थित लिहिलं होतं. दुकानदाराच्या मुलीला अटी वाचता येतात.

चाचणीच्या दिवशी काठपदराची इरकली नेसून गेले. माझ्याकडे पेटी शिकणारी एक सोळा वर्षांची मुलगी पानं उलटायला आली होती. समितीचे सातही जण पुढच्या रांगेत. माझ्या आधी एक पदवीवाला तरुण चकचकीत बूट घालून फार छान वाजवून गेला. खोटं कशाला बोलू, छानच वाजवलं त्याने.

मी बाकापाशी गेले, चपला काढल्या, वाकून पायपट्ट्यांना नमस्कार केला. मग बाकावर चढले आणि पाय वर घेऊन, साडी नीट करून, मांडी घालून बसले. मिरजेच्या माडीवर बसायची तशी. मागे कुजबुज झाली.

“काकू,” मुलगी कानाशी म्हणाली, “आर यू शुअर?”

“पान बघ.”

तीनही रचना त्या दरबारी माणसाच्या काळातल्या. मांडी घातल्यावर हात पट्ट्यांना वरून येतात, खांदे सैल सुटतात. मी कित्येक वर्षांत तसं वाजवलं नव्हतं. दुसऱ्या रचनेत एक सूर हुकला, तो पायांमुळे नव्हे, रागामुळे. तिसऱ्या रचनेत मात्र राग विसरले. शेवटचा सूर छतात विरला, तेव्हा बाकावरून उतरून चपला घातल्या.

आठवड्याने अध्यक्षबाईंचा फोन आला. जागा मला द्यायचं ठरलं होतं. “आणि बुटांच्या बाबतीत आम्ही तुमच्यासाठी अपवाद करायला तयार आहोत. तुमच्या संस्कृतीचा मान ठेवून.”

नवरा समोरून हातवारे करत होता: हो म्हण, हो म्हण.

“अपवाद नको,” मी म्हटलं. “नियम खोडा. आणि ओरखडे माझे नाहीत हे इतिवृत्तात लिहा.”

“त्यासाठी समितीची बैठक लागेल. पुढच्या महिन्यात.”

“हरकत नाही. तोवर नियम पाळते.”

आणि पाळला. रविवारी मांडी घालून बसले. भजनं वाजवली, दोन्ही हातांनी, नीट, वेळेवर. खर्ज तेवढा नव्हता. अमेरिकन चर्चमधल्या भजनाखालून खर्ज काढला की काय होतं हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. दीडशे माणसं गायला उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धीअधिक आपोआप हळू झाली, अंधारात पायरी चाचपावी तशी. गायकवृंदातले जाड आवाजाचे एक आजोबा नंतर माझ्याकडे आले. “बाई, आमच्या पायाखालची जमीन कुठे गेली?”

“तळघरात विचारा,” मी म्हटलं. “तिथे ठरली.”

त्यांनी खरोखरच विचारलं. तिसऱ्या रविवारपर्यंत अख्खा गायकवृंद विचारत होता. नवरा म्हणाला, “तू संप केलास.” मी म्हटलं, मी तर नियमाला धरून आहे. पुढच्या महिन्याची बैठक चौथ्या रविवारच्या आधीच, बुधवारी झाली. या वेळी मला बोलावलं. नियम खोडला, सातपैकी पाच हात वर. ओरखड्यांचा विषय मात्र “आता पुढे जाऊया” म्हणून मिटवला. मी नेमणुकीच्या कागदावर सही करायचं पेन खाली ठेवलं. अध्यक्षबाईंनी डोळे मिटून घेतले, मग उघडले.

“काय लिहायचं?”

“ओरखडे जुने आहेत. सध्याच्या ऑर्गनवादकाचे नाहीत.”

त्यांनी लिहिलं ते असं: ओरखडे कशाचे आहेत हे सांगता येत नाही. यापलीकडे त्या हलल्या नाहीत. मी सही केली, पण विसरलेले नाही. वर्ष झालं, त्या इतिवृत्ताची प्रत माझ्या कपाटात आहे, आणि इतिवृत्त दुरुस्त करायचा माझा अर्ज दर बैठकीच्या आधी त्यांच्याकडे पोचतो. मास्तर म्हणतात, याबाबतीत तू त्या दरबारी माणसाच्याही पुढे गेलीस.

बैठकीनंतरच्या त्या चौथ्या रविवारी मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. मी जोडवी डबीत ठेवली, वाकले, पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावला. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. जरा सावकाशच लावला. मग पाय खाली सोडले आणि खर्ज धरला, आणि मागे ते जाड आवाजाचे आजोबा असे काही गायला लागले की बाकीच्यांना आपला सूर सांभाळावा लागला.