सासूबाईंनी सांधलेलं इरलं

भाताच्या लावणीला लोक आता प्लास्टिकचा कागद पांघरतात. मी नाही. मला आपलं बांबूच्या कामट्यांचं, वर पानं घातलेलं इरलंच लागतं. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. त्या इरल्यानंच माझा जीव वाचवलाय.

रिहे गावात आमचं आणि धाकट्या दिराचं भातखाचर एका बांधाला लागून. ऐन लावणीत त्यानं तो बांध फोडून आमचं पाणी पळवलं. मी चिखल लावून तो बुजवायला वाकले, तर पठ्ठ्यानं मागून फावडं घातलं, थेट डोक्यात! इरल्यावर बसलं म्हणून दोन टाक्यांवर निभावलं.

कोर्टात त्याचे वकील म्हणाले, "जखम किरकोळ आहे. साधी मारहाण." माझं डोकंच फिरलं. साधी? म्हणजे दंड भरून हा सुटणार, नि उद्या परत फावडं घेऊन बांधावर उभा. त्याच खाचरात मला रोज उतरायचं होतं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

सरकारी वकिलांनी इरलं पुढं केलं, तर समोरचे वकील हसले. "हे तर धड आहे!" खरंच होतं. पोलीस न्यायला येईपर्यंत सासूबाईंनी ते सांधून ठेवलं होतं. लावणीच्या दिवसांत फाटकं इरलं खुंटीला टांगलेलं त्यांना बघवतच नाही. अगं बाई, पण एवढी कसली घाई!

जज मॅडम मात्र ठाम होत्या. "जखम किती झाली एवढ्यावर भागत नाही. कशानं मारलं, कुठं मारलं, किती जोरानं मारलं, हे पाहावं लागतं."

मग साक्षीला सासूबाई. आई लेकालाच वाचवणार, अशी गावाची खात्री. माझी नव्हती. एका चुलीवर इतकी वर्षं काढलीत, मी त्यांना चांगली ओळखते.

"व्हय, मीच सांदलंय," त्या म्हणाल्या. "मदल्या समद्या कामट्या मोडल्या व्हत्या. फावडं धारंनं आत घुसलं व्हतं."

"इरलं नसतं तर?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"तर सून ऱ्हायली नसती."

मॅडमनी इरलं उलटं करून पाहिलं. धुरानं काळ्या पडलेल्या कामट्यांत नव्या पांढऱ्या कामट्या उठून दिसत होत्या. जीव जाईल असाच तो घाव होता, असं कोर्टानं धरलं. दिराला कैद झाली.

बाहेर पोलीस त्याला नेत होते. सासूबाई रडत रडत त्याला आडव्या गेल्या. "सुटलास की घरी ये, ज्येवू घालीन. पर हिच्या बांदावर पाय ठिवू नगंस."