आमचे मिस्टर

बातमी आली तेव्हा मी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, दांड्याला धरून उभा होतो. त्या वेळी माझ्या हातून काय घडलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जरा धीर येईल. आमच्या फुटबॉल क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जर्मनमध्ये एवढीच ओळ होती : ‘मिस्टर आज सकाळी गेले.’ मिस्टर चार दिवस हॉस्पिटलात होते, सोमवारी त्यांना नेलं होतं. मी वाचलं, मनातल्या मनात ‘चला, सुटले, घरी गेले’ म्हटलं, आणि एक अंगठा दाखवून वर लिहिलं, ‘शेवटी एकदाचे! फार आनंद झाला.’ मराठीत कुणी ‘गेले’ म्हटलं असतं तर मी डबा असो की रस्ता, मटकन बसलो असतो. पण जर्मनीत नऊ वर्षं काढूनही ते क्रियापद माझ्या लेखी पायांनी चालत जाण्याचंच राहिलं होतं. पुढच्या स्टेशनावर उतरून मी ते पुसलं, तोवर वीस जणांनी वाचलं होतं. त्यांत वाल्ली होती, मिस्टरांची बायको. ती नंतर म्हणाली, “त्या दिवशी मी एकदाच हसले, मिलिंदो. तुझ्यामुळे.”

इटलीत फुटबॉलच्या प्रशिक्षकाला खेळाडू ‘मिस्टर’ म्हणतात, आणि आमचे प्रशिक्षक मूळचे तिकडचे. नाव रेन्झो असो की आणखी काही, मैदानावर आला की तो मिस्टर. हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पुण्याहून इथं जर्मनीत, झिंडेलफिंगेनला नोकरीला आलो, संध्याकाळी करायला काही नव्हतं, म्हणून घराजवळच्या क्लबच्या दुसऱ्या संघात नाव घालायचं ठरवलं. फळ्यावर ‘संपर्क : मिस्टर’ आणि खाली मेलचा पत्ता. मी शब्दकोश उघडून, अगदी सरकारी थाटात पत्र लिहिलं : ‘झेर गेएर्टर हेर मिस्टर’, म्हणजे सन्माननीय श्री. मिस्टर! ते पत्र त्यांनी छापून क्लबच्या कॉफी मशीनवर चिकटवलं. अजून तिथं आहे.

घरी या शब्दाने वेगळाच घोळ घातला. मी सारखा ‘मिस्टर म्हणाले’, ‘मिस्टरांना आवडत नाही’ असं बोलायचो. माझी बायको मेधा कामातून मान वर न करता विचारायची, “तुझे मिस्टर ना? मग माझे मिस्टर कधी भांडी लावणार आहेत?” एकदा सासूबाई पुण्याहून फोनवर होत्या. मागून माझा आवाज त्यांना ऐकू गेला, ‘आज आमचे मिस्टर जेवायला येणार आहेत.’ सासूबाई पलीकडून हळूच म्हणाल्या, “मेधा, तिकडच्या कायद्याने काहीही चालतं हे मला ठाऊक आहे गं. पण जावईबापूंनी आधी सांगायचं तरी!”

पण खरी लबाडी पहिल्याच दिवशी झाली होती. सराव संपल्यावर मिस्टरांनी विचारलं, “कॉलेजात कुठल्या जागेवर खेळायचास?” मी म्हणालो, “लिबेरो.” यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त मी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचो. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून, गुडघे वाकवून, खाली आलेले चेंडू हातावर उचलून देणारा जो बुटका गडी असतो, तो मी. फुटबॉलमध्येही लिबेरो असतो एवढं कुठेतरी कानावर होतं, म्हटलं असेल तसलंच काहीतरी. मिस्टरांचा चेहरा बघून माझ्याकडून काहीतरी भलतंच झालंय हे कळलं. पण तोवर त्यांनी दोन्ही हातांनी माझे गाल धरले होते. “लिबेरो? इंडियात अजून लिबेरो आहेत?” डोळ्यांत पाणी होतं हो त्या माणसाच्या. अशा वेळी ‘व्हॉलीबॉल’ हा शब्द उच्चारायला जे काळीज लागतं ते माझ्याजवळ नव्हतं.

ते पाणी का आलं, हे कळायला वर्ष गेलं. मिस्टर स्वतः लिबेरो होते. बचावाच्या फळीतले बाकीचे आपापला समोरचा गडी धरतात, आणि त्यांच्याही मागे एक मोकळा उभा असतो, निसटलेलं सगळं आवरायला. हा मोकळा म्हणजे लिबेरो. इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत त्यांनी ती जागा सांभाळली, एक मोसम पहिल्या श्रेणीतही. मग गुडघा गेला. थोरला भाऊ इथल्या मोटारींच्या कारखान्यात होता, त्याने बोलावून घेतलं. दिवसा कारखान्यात रंग द्यायचा, संध्याकाळी कुणाच्या तरी संघाला शिकवायचं. असं करत करत ते एका व्यावसायिक क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले. अकरा आठवडे. “एका खेळाडूमागे एक आठवडा,” ते म्हणायचे, “बारावा लागला असता तर राखीव खेळाडूला दिला असता.” तिथून हकालपट्टी झाली आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एकेक श्रेणी खाली येत आमच्यापर्यंत पोचले. आमच्या खाली आणखी एकच पायरी होती. तोवर जगाने लिबेरो ही जागाच मोडीत काढली होती. सगळीकडे बचावाला चौघांची सरळ रेघ. आणि अशात एक पुणेकर येऊन, कुणी न सुचवता, तो शब्द उच्चारतो!

झालं. मिस्टरांनी माझ्यासाठी पूर्ण संघाची रचना बदलली. चार वर्षं मी सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहिलो. मी इतका मागे असायचो की समोरच्या संघांना ऑफसाइड, म्हणजे बचावाच्या फळीपुढे निघून जाण्याचा गुन्हा, असतो याचाच विसर पडला. चेंडू आला की मी घाबरून तो लांब मारायचो, आणि मिस्टर बाहेरून टाळ्या वाजवायचे, “गेनाऊ! गेनाऊ!” म्हणजे ‘अगदी बरोबर!’ मला वाटायचं, म्हातारा फसलाय. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज ते एखादी जुनी गोष्ट सांगायला बसायचे आणि सांगायचं राहून जायचं.

चौथ्या वर्षी मोसमाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत आमची अवस्था अशी की बरोबरी झाली तर वाचलो, हरलो तर त्या शेवटच्या पायरीवर. क्लबच्या कार्यकारिणीने मिस्टरांना स्पष्ट सांगितलं होतं, खाली गेलात तर संघ नव्या माणसाकडे. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. हा संघ गेला की दुसरा कुणी देणार नव्हता, हे त्यांना आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. शून्य-शून्य चालू होतं. शेवटची पाच मिनिटं. उजवीकडून एक उंच चेंडू आला, वळला, आणि आमच्या गोलसमोर माझ्या पुढ्यात उतरायला लागला. मी दमलेलो होतो, डोक्यात काही नव्हतं... आणि बारा वर्षांपूर्वीचं अंग जागं झालं. मी गुडघे वाकवले, दोन्ही हात जोडून पुढे केले, चक्क मराठीत ‘माझा!’ असं ओरडलो, आणि असा काही सुरेख अंडरहँड पास दिला की नेट असती तर पोरांनी उचलून नाचवलं असतं. चेंडू छान वर गेला. मैदानावर कुणी हललं नाही. पंचालाही शिट्टी आठवायला एक क्षण लागला.

पेनल्टी, गोल, खालची पायरी.

क्लबच्या खोलीत मी टॉवेलखाली तोंड लपवून बसलो होतो. अध्यक्षांनी विचारलं, हे काय होतं? मिस्टर म्हणाले, “त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. दहा मिनिटांपूर्वीच त्याला बाहेर काढायला हवं होतं. चूक माझी.” माझ्या पोटऱ्या ठणठणीत होत्या. मी टॉवेल बाजूला करून बोलायला हवं होतं. नाही बोललो. पुढच्या आठवड्यात त्यांनी चाव्या परत केल्या.

त्यानंतरही दर गुरुवारी, पूर्वीच्या सरावाच्या वेळेला, मी त्यांच्याकडे जात राहिलो. मेधा बरोबर वरण-भाताचा डबा द्यायची. त्यावर ते ऑलिव्ह तेल ओतायचे, आणि मी, आधीच अपराधी, काही बोलायचो नाही. दोन वर्षं अशी गेली. मग दुखणं आलं, पलंग बैठकीच्या खोलीत आला. हॉस्पिटलात नेण्याआधीच्या शेवटच्या गुरुवारी मी सबंध रस्ताभर सायकलवर जर्मन वाक्यं घोकत गेलो.

“मिस्टर, मला एक कबुली द्यायचीय.”

“मरतोय मी,” ते म्हणाले, “आणि कबुलीजबाब तू देतोयस?”

मी एका दमात सांगितलं. व्हॉलीबॉल, वेगळा शर्ट, माझं गप्प बसणं, त्यांचा गेलेला संघ. ते ऐकत होते. मग हसायला लागले, खोकला लागेपर्यंत. वाल्ली स्वयंपाकघरातून धावत आली.

“दुसऱ्या दिवशीच कळलं होतं,” मिस्टर म्हणाले. “फुटबॉलवाला माणूस चेंडू येताना बघून असा वाकत नाही. तू प्रत्येक चेंडूला नमस्कार करायचास.”

“मग मला का ठेवलंत?”

“वीस वर्षांत कुणी तो शब्द माझ्यापुढे असा उच्चारला नव्हता, मिलिंदो... जशी ती आजही एक नोकरी आहे, आणि माणसं अजून ती करतात.”

मग त्यांनीच विषय मोडला. “आल्झो! चला, आता खरं शिकून घे. ते तबक इकडे आण.” पलंगाशेजारचं औषधांचं तबक मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. गोळ्यांच्या डब्या ते एकेक करून मांडू लागले. हा मधला, हे दोघे कडेचे, ही खोकल्याची बाटली समोरचा दांडगा गडी. सगळ्यांच्या मागे डोळ्यांच्या थेंबांची इवलीशी बाटली. “हा तू. प्रत्येकाने आपला माणूस धरलाय. तुझ्या वाट्याला कुणी नाही, म्हणून सगळेच तुझे. कुणाचं निसटलं ते तू आवरायचं, आणि कुणाचं निसटलं ते बोलायचं नाही.” खोकल्याची बाटली पुढे सरकवून ते म्हणाले, “आता सांग, तू कुठे जाशील?” मी थेंबांची बाटली पुढे नेली. “चूक! मागे. परत मांड.” पुन्हा चूक. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत त्यांचा डोळा लागला.

परवा वाल्लीने कॉफीला बोलावलं. पलंग गेलाय, तिथं आता सोफा आलाय. तबक मात्र खिडकीत होतं, डब्या जशाच्या तशा. सोमवारी अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा मिस्टरांनी तिला बजावलं होतं, “त्याला हात लावू नकोस, मिलिंदोचं उत्तर यायचंय.” ती बिस्किटांना लोणी लावायच्या ब्रशने त्यांच्यामधली धूळ काढते.

“यातला तू कुठला?” तिनं विचारलं.

मी दाखवलं. मग थेंबांची ती बाटली दोन बोटांनी धरली आणि मागे नेली, आणखी थोडी मागे, पार कडेपर्यंत. वाल्लीने चष्मा लावून वाकून बघितलं.

“बरोबर आहे?” ती म्हणाली.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. खोलीत कुणीच ‘चूक’ म्हणालं नाही.