चिखलदऱ्याची आत्या

उभ्या वऱ्हाडात थंड हवेची मालकी कुणा एकाकडे असेल, तर ती माझ्या आत्याकडे होती. चिखलदऱ्याला तिचं कौलारू घर होतं, सहा खोल्यांचं. साहेबांच्या बंगल्यांत ज्यांना जागा नसे, असे अमरावती-अकोल्याचे वकील, मुन्सफ आणि कापसाचे व्यापारी उन्हाळाभर तिथे उतरत. आत्याचे यजमान गेल्यावर सगळा कारभार तिच्याकडे आला आणि त्याबरोबर हवेचाही. भर दुपारी कुणी अंगातला स्वेटर काढला तरी तिचा चेहरा उतरायचा. अकोल्याचे एक वकील जेवताना सहज म्हणून गेले, "यंदा अकोल्यालाही तसा उन्हाळा कमीच होता." झोपायच्या वेळी आत्याने त्यांच्या अंथरुणावरची दुलई उचलली आणि सांगितलं, "मंग अकोल्यावानीच झोपा." पहाटे कुडकुडत त्यांनी माफी मागितली, तेव्हा दुलई आणि चहा एकदमच मिळाला. दरी दाखवल्याशिवाय पाहुणा सोडायचा नाही, हाही तिचा हट्ट. जूनमध्ये धुकं उतरलं की दरी दिसेनाशी व्हायची आणि पाहुणे अडकायचे. कोर्ट उघडलं म्हणून तळमळणाऱ्या एका मुन्सफाला तिने धुकं फाटेपर्यंत अडकवून ठेवलं होतं. "भांडनारे कुठं जात नाई साहेब," ती म्हणाली, "दरी मात्र आता दिसन."

मग इंग्रज गेले. पहिल्या उन्हाळ्यात फारसं जाणवलं नाही. पण हळूहळू बंगल्यांना कुलपं लागली, घोडेवाले खाली परतवाड्याला टांगे हाकू लागले, बिस्किटवाल्याने भट्टी विझवली. आमच्या वकिलांना नुसती थंडी नको होती, साहेबाच्या शेजारची थंडी हवी होती, हेही तेव्हाच कळलं. एका उन्हाळ्यात तर कुणीच फिरकलं नाही. आत्या रोज सकाळी सगळ्या खोल्यांत अंथरुणं घालायची आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवायची. हे ऐकून माझे वडील वर गेले आणि बहिणीला समजावून अमरावतीला घेऊन आले.

अमरावतीत तिने आम्हाला सळो की पळो केलं. मे महिन्यात पहाटे अंगणात शाल पांघरून बसायची, सवयच ती. माठातलं पाणी तोंडाला लावून विचारायची, "हे पानी होय का काढा?" शेवटी तिने काम शोधलं. रोज सकाळी एसटी स्टँडवर जायचं आणि प्रवाशांना चिखलदऱ्याच्या गाडीकडे वळवायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीत तिच्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

"कुठं चालले भाऊ? अकोल्याले? काहून? तिथं तं ऊनच हाय!"

"घर आहे माझं तिथं," तो बिचारा म्हणायचा.

"घर काई पयून नाई जात. आधी थंड होऊन या."

लोक हसायचे, सरकून बसायचे. पण एक दिवस एकाने खरंच ऐकलं. बार्शीटाकळीचे एक शाळामास्तर होते. बरोबर म्हातारी आई आणि नुकतीच तापातून उठलेली बायको, पांढरीफटक. दवाखान्यातून परत गावी निघाले होते. "जागा मिळेल का तिथं?" त्यांनी विचारलं आणि ते पुढे म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत. आधीच सांगितलेलं बरं. एका ठिकाणी सामान आत नेल्यावर बाहेर काढावं लागलं होतं."

आत्याने त्यांच्या वळकटीकडे पाहिलं. "एवढंच अंथरून? गारठान नं तुमी!"

ती मंडळी चिखलदऱ्याच्या गाडीत बसली. गाडी सुटली आणि आत्या एकदम ताठ झाली. "पोट्ट्या, तिथं त्याह्यले च्या कोन देइन रे?" असं म्हणून ती धावली ती थेट गाडीच्या पुढ्यात. ड्रायव्हरने ब्रेक दाबून आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली. आत्या शांतपणे वर चढली, मागोमाग मी. घरी निरोप पोचवायचं स्टँडवरच्या पानवाल्याला खिडकीतूनच ओरडून सांगितलं.

घर उघडलं तर आत वटवाघळं. आत्याने झाडू घेतला, तो मास्तरांच्या आईने ओढला.

"तुमी पाहुन्या, बसा," आत्या म्हणाली.

"तुमची कंबर वाकून नाई राहिली, बाई. आना इकडं."

दोघींनी मिळून घर झाडलं आणि बेसनात मिरची किती यावरून कडाक्याचं भांडण केलं. शेवटी दोघींच्याही मापाने मिरची पडली. मास्तरांच्या आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पण मास्तरांच्या बायकोने अख्खी भाकरी खाल्ली. तापानंतर पहिल्यांदाच. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला, तो मिरचीमुळे नव्हता.

"हवा हाय बाई, हवा," आत्या म्हणाली. जणू ती तिनेच सकाळी दळून ठेवली होती.

त्यानंतर आत्या खाली उतरलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांनी आणखी काही शिक्षकांची कुटुंबं आणली. मग कारकून आले, पोस्टमन आले, ज्यांना या डोंगरावर कुणी कधी बोलावलंच नव्हतं असे सगळे. मास्तरांच्या आई दरसाल येत आणि मिरचीचं भांडण जिथे राहिलं तिथून पुढे सुरू होई.

नोकरीला लागल्यावर माझं जाणं कमी झालं. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं असताना एका रविवारी गेलो. मास्तरांच्या आई त्याआधीच्या हिवाळ्यात वारल्या होत्या. रस्ता रुंद झाला होता, दरीच्या काठावर जीपगाड्या आणि सहलीच्या बसची रांग होती, ट्रान्झिस्टर गात होते. चिखलदरा पुन्हा जागा झाला म्हणून मी आत्याचं अभिनंदन केलं. ती ओसरीवर बसून नुसती पाहत होती. उन्हं कलली तशा एकेक करून सगळ्या गाड्या घाटाकडे वळल्या. आत सहाच्या सहा खोल्यांत अंथरुणं घातलेली होती.

"येऊन तं लय राहिले रे," आत्या म्हणाली, "पन राहून नाई राहिले कोनी."

खाली शेवटच्या एसटीचा भोंगा वाजला.

"मी राहतो ना," मी म्हणालो. "उद्याची रजा आहे मला."

रजा नव्हती.