चांदरीला टकटक खपत न्हाई

आमचे मालक हैबती बोलायला कमी आन् हट्टाला लई. वस्ती आमची खिंडीच्या पलीकडं. कुठं जायचं तर आधी खिंड चढायची, आन् चढायला वस्तीवर एकच गाडी, ह्यांची जुनी मोटरसायकल. महिनाभर ती गरम झाली की खिंडीतल्या वळणावर बंद पडायची. किक मारावी तर पाय पोकळ जायचा. गार झाली की पुन्हा चालू. दुरुस्त करा म्हणून माझं तोंड दुखलं, पण ऐकतील तर शपथ.

आन् आता उद्यावर आली नातीची, कोमलची, पोलीस भरती. पहाटे तिला कामथडीला हायवेवर सोडायची होती. मैदानावर उशीर झाला की नाव कटलं. मेंढरांमागं पळून पळून पोरीनं पाय कमावलेले, आन् ती अडकायची कुठं, तर ह्यांच्या गाडीपायी. माझं डोकंच फिरलं. ह्यांना गाडीसकट विंझरला प्रशिकच्या गॅरेजात नेलं.

प्रशिकनं किक दाबून बघितली आन् व्हॉल्व गळतोय म्हणाला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं डोकं, खोलावं लागंल. व्हॉल्व नुसता घासून भागलं तर ठीक, न्हाईतर हेड भोरला लेथ मशीनवर जाणार, मग आज गाडी मिळत नसती. न खोलावं तर पहाटे खिंडीत दगा. खोलू का नको, त्यानं विचारलं. मालक गाडीची सीट पुसत बसले. म्या म्हणलं, आता तरी तोंड उघडा.

प्रशिकनं मात्र गाडी कशीबशी चालू केली आन् इंजिनाला कान लावला. म्हणाला, "तात्या, हिची टकटक कुठं गेली? जुन्या गाडीला थोडी पायजेच."

मालकांनी मान फिरवली. मग हळूच म्हणाले, "आवळून घेतली. चांदरीला खपत न्हाई."

चांदरी आमची म्हैस. धारेच्या वेळी गाडी टकटक करत गोठ्याशी आली की ती पान्हा चोरते. म्हणून हा माणूस गुपचूप भोरला जाऊन टॅपेट, म्हणजे व्हॉल्व दाबणारे स्क्रू, आवळून घ्यायचा, पार आवाज बंद होईस्तोवर. प्रशिकनं कपाळाला हात लावला. एवढं आवळल्यावर गरम इंजिनात व्हॉल्व पुरता मिटतच न्हाई, म्हणाला. सैल करून बघता येईल. व्हॉल्व जळला नसंल तर गाडी चढंल. जळला असंल तर आजचा दिवस फुकट, आन् हेड खोलायलाही वेळ उरायचा न्हाई.

मला वाटलं खोलून टाकावं, एकदाचा निकाल लागंल. पण मालक म्हणाले, "सैल कर."

इंजिन गार झाल्याशिवाय टॅपेटला हात लावता येत न्हाई. आमी तिघं त्या गाडीकडं बघत बसलो. ऊन उतरत चाललं. शेवटी प्रशिकनं सैल केलं आन् गाडी टकटकायला लागली. पावसाळ्याआधी हेड खोलायचंच, असं त्यानं ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

म्या मागं बसले. खिंड सुरू झाली, इंजिन तापलं, ते वळण आलं. म्या ह्यांचा सदरा मुठीत धरला. गाडी जरा दबली, पण बंद पडली न्हाई. वर पोचल्यावर म्या ह्यांच्या पाठीत एक धपका घातला.

पहाटे मालक आन् कोमल गेले. ती परत येईस्तोवर मालक हायवेवरच थांबणार होते. वस्तीवर मोबाईलला रेंज न्हाई. दिवसभर जीव टांगणीला. संध्याकाळी धारेला बसले, चांदरी नुकती पान्हावली होती, तोच खिंडीवर टकटक ऐकू आली आन् एकाएकी थांबली. पडली बंद, म्हणलं. चरवी तशीच टाकून, कोमलला हाका मारत म्या खिंडीखालच्या ओढ्याकडं पळाले.

ओढ्यापासून वस्तीकडं येणाऱ्या चढावर मालक बंद गाडी ढकलत येत होते. मागनं कोमल जोर लावत होती.

"बंद पडली?"

"बंद केली. हळू बोल, चांदरीची धार चाललीय."

कोमल हसली. "पळाले, आजी. वेळेत पोचलो. निकाल लागंल तवा लागंल."

मला तिथंच रडू फुटलं. पदरानं डोळे पुसले आन् गाडीला हात लावला. चांदरीनं पान्हा केव्हाच चोरला होता, माझ्याच ओरडण्यानं. ते ह्यांना घरी पोचल्यावर सांगितलं.