गोडाऊनमधलं तंत्रनिकेतन

आमच्या तंत्रनिकेतनात जुना स्टाफ जमला की सिलॅबस सोडून बाकी सगळं आठवतं. मी मशीन ड्रॉइंग शिकवतो, पण माझ्याजवळ साठलेत ते वर्कशॉपचे किस्से! त्यातले निम्मे तर गंगाधरमामांचे. मामा आमचे वर्कशॉप इन्स्ट्रक्टर. माणूस तोंडानं फटकळ, पण जीव लावणारा.

*

सुरुवातीला कॉलेज सेनगाव रोडवर भाड्याच्या गोडाऊनमध्ये होतं. बोर्ड लागला आणि आठवड्याभरात एक शेतकरी विहिरीची मोटर जीपमध्ये टाकून हजर!

"दुरुस्ती इथंच व्हते ना?"

प्रिन्सिपल सर समजावायला लागले, "अहो, इथं शिक्षण..."

तेवढ्यात मामा मागून ओरडले, "प्रॅक्टिकल आलं, उतरवा रे!"

त्या वर्षी पोरांनी पुस्तकं कमी आणि मोटरीच जास्त उघडल्या.

*

मग मेकॅनिकलला पहिली मुलगी आली, हट्टा गावची वैशाली. तिचे वडील नामदेवराव शेतकरी. फॉर्मवर सही करताना पेन हातातच धरून बसले.

"लेकराला तकलीफ झाली तर त्याच दिवशी घरी नेईन. बराबर?"

मामा म्हणाले, "तकलीफ तर व्हईलच. त्याबिगर हात बसत न्हाई!"

प्रिन्सिपल सरांनी मामांकडे असं पाहिलं की विचारू नका. सही व्हायला दोन चहा आणि अर्धा तास लागला. ती पोरगी टिकावी असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

*

लेथ मशीन आलं, ते चालवायला लागणारी थ्री फेज वीज काही आली नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी वैशालीला विचारलं, "लेथवर काय काय करता येतं?"

"सध्या तर जेवणाचे डबे ठेवता येतात, सर!"

सर पोट धरून हसले. मामा मात्र बाहेर येऊन तिच्यावर तापले, "इतकं खरं काहून सांगितलं?"

*

खंडेनवमीला मशीनची पूजा. नव्या क्लार्कनं लेथच्या बेडवरच नारळ उगारला! मामांनी वरच्या वर त्याचा हात धरला.

"देव रुसला तर समजूत काढता येईल. बेडला पोचा पडला तर काय करता?"

शेवटी नारळ व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरला आणि वैशालीनं हँडल फिरवलं. नारळ फुटला, पाणी सगळं क्लार्कच्या नव्या शर्टावर!

*

दिवाळीला वैशाली घरी गेली आणि आईला तिच्या तळहातावरचे फोड दिसले. सुट्टी संपली तसे नामदेवराव ॲडमिशन रद्द करण्याचा अर्ज घेऊनच आले.

मामांनी त्यांना वर्कशॉपच्या दाराशी नेऊन उभं केलं. वैशाली पाठमोरी, लोखंडाचा तुकडा कानशीनं घासत होती. घासायची, काटकोनाचा गुण्या कडेला लावून खिडकीकडे धरायची, परत घासायची.

"हे काय करून राहिली?" नामदेवरावांनी हळूच विचारलं.

मामा म्हणाले, "कड सरळ झाली का बघते. मधून उजेड दिसला तर अजून घासायचं."

तिनं तुकडा आणखी दोनदा खिडकीकडे धरला, तोवर नामदेवराव बघत होते. मग सरळ आत गेले. पोरगी दचकली. त्यांच्या हातातला अर्ज तिला दिसला आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, न्यायला आलात?"

त्यांनी अर्ज खिशात घातला, तुकडा आणि गुण्या स्वतःच्या हातात घेतले आणि एक डोळा मिटून खिडकीकडे धरले.

"उजेड येऊन राहिला की इथून! अर्धं काम टाकून घरी निघतीस व्हय?"