खिशातलं खिशात

गल्लीतले सगळे तिला कडकमावशी म्हणतात. हे नाव तिने इस्त्रीने कमावलं की जिभेने, यावर गल्लीत दोन तट आहेत.

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. वर जिना चढत जातो तसं खोलीचं छत उतरत येतं, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला आत शिरताना आपोआप मान झुकवावी लागते. मावशीला ते आवडतं. मध्ये घोंगड्या अंथरलेलं टेबल, त्यावर वाफेची जाडजूड इस्त्री, भिंतीला दांडी, दांडीवर कडक शर्टांची रांग. डोक्यावरून कोण वर गेलं, कोण खाली आलं, हे ती पावलांवरून सांगते. वर कुणाचं भांडण झालंय हेसुद्धा सांगू शकते, पण सांगत नाही.

कारण या खोलीचा एकच कायदा आहे. कपडा टेबलावर आला की आधी खिसे चाचपायचे. सापडेल ते बाजूच्या ताटलीत ठेवायचं, इस्त्री झाली की ज्याचं त्याच्या खिशात परत, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. औषधाच्या गोळ्या, सिनेमाची तिकिटं, एकदा तर अर्धी कवळी. चौथ्या मजल्यावरच्या एका पोराच्या खिशात साखरपुड्याची अंगठी निघाली. पुढे कित्येक धुलाया ती अंगठी त्याच खिशात येत राहिली, मावशी ती परत ठेवत राहिली आणि पोराला धीर कधी येतो याची मनातल्या मनात वाट बघत राहिली. शेवटी तो शर्ट एकदा रिकामा आला, तेव्हा तिने त्याला जरा जास्तच वाफ दिली.

"खिशातलं खिशात," ती नवऱ्याला सांगायची. "हे मोडलं की आपण इस्त्रीवाले नाही, चहाडखोर."

काकांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाल्यापासून मावशी त्यांना चालवते. गठ्ठे घरोघर पोचवणं हे त्यांचं काम. ते कधी उलट बोलत नाहीत, कारण मध्ये बोलायला जागाच सापडत नाही.

तर गल्लीच्या तोंडाशी एक पडकं गॅरेज होतं. ते पाडून तिथे काचांचं लांबलचक किराणा दुकान उभं राहायला लागलं आणि गल्ली जागी झाली. पुढाकार घेतला अध्यक्षांनी. हे निवृत्त चित्रकलाशिक्षक. ते नक्की कशाचे अध्यक्ष, हे कुणालाच माहीत नाही, पण सभा भरली की खुर्ची त्यांच्याखाली आपोआप येते.

"आज दुकान येतंय," ते म्हणाले, "उद्या भाडी वाढतील, परवा आपण सामान बांधू. माझ्या बहिणीच्या गल्लीत हेच झालं. मोची गेला, आणि तिथे आता कुत्र्यांच्या केकचं दुकान आहे."

कुत्र्यांचा केक म्हणजे कुत्र्यांनी खायचा की कुत्र्याच्या आकाराचा, यात सभेचा बराच वेळ गेला.

खरं सांगायचं तर गल्लीला दुकानाची गरज होती. शेवटचा वाणी म्हातारपणी लेकीकडे राहायला गेला होता आणि साध्या साबणासाठी पुलापलीकडे जावं लागत होतं. पण त्याच आठवड्यात घरमालक स्वतःचा शर्ट न्यायला मावशीकडे आले. मालकांचा शर्ट पांढराशुभ्र, बाहीची घडी अशी की तिच्यावर कागद कापावा. ते मान झुकवून आत आले आणि छताकडे बघत म्हणाले, "मावशी, तुमचा करार यंदा संपतोय ना? एकजण कॉफीच्या दुकानासाठी जागा शोधतोय. आता वर्दळ वाढणार म्हणतात. बघू."

मालक 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांनी आधीच बघून ठेवलेलं असतं. मावशीने शर्ट दिला. त्या दिवशी तिच्या हातून एका चादरीला चक्क सुरकुती राहिली.

ही बातमी अध्यक्षांनी न्हाव्याच्या दुकानात भर सभेत सांगितली आणि गल्लीने शपथच घेतली. नव्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. मावशीची खोली म्हणजे गल्लीची इज्जत. न्हाव्याने तर हातातला वस्तरा उंच धरून शपथ घेतली. समोरच्या खुर्चीवर साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकाने ती सगळ्यात मनापासून घेतली.

दुकान उघडलं. काही दिवसांनी अध्यक्षांच्या पँटच्या खिशातून मावशीला एक नारिंगी प्लॅस्टिकची चकती सापडली. मधोमध भोक होतं. खेळातली सोंगटी असेल म्हणून तिने ती जागच्या जागी ठेवली. मग तशीच एक न्हाव्याच्या डगल्यात निघाली. एक शिंपीणकाकूंच्या एप्रनात. हळूहळू ताटलीत अशा चकत्यांचा पाऊस पडायला लागला. सगळी म्हातारी माणसं एकदम कुठला खेळ खेळायला लागली, ते मावशीला कळेना.

उलगडा केला तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईने. रात्रपाळी करून ती सकाळी गणवेश टाकायला आली, तेव्हा ताटलीकडे बघून म्हणाली, "अरे, ट्रॉलीचं टोकन. नव्या दुकानात देतात. हे फटीत घातलं की ट्रॉलीची साखळी सुटते. पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला एक फुकट."

"तुला बरं माहीत."

"मी जाते ना मावशी. कामावरून सुटते तेव्हा पुलापलीकडे जायचं त्राण नसतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगायचं राहून गेलं होतं, ते आज सांगितलं."

 मावशी ताटलीकडे बघत राहिली. त्या वेळी ताटलीत तीन टोकनं होती, आणि त्यातलं एक तिने नुकतंच काकांच्या पँटमधून काढलेलं होतं.

जेवताना तिने ते काकांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"नुसता बघायला गेलो होतो," काका म्हणाले.

"ट्रॉली घेऊन?"

"पायाला आधार म्हणून."

मावशीला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू ओसरल्यावर तिने सरळ हिशेब मांडला. जिच्यासाठी शपथ घेतली तिच्या मागे सगळी गल्ली बिस्किटं आणत होती. दुकान तर चालणारच होतं. जाणार होती ती फक्त जिन्याखालची खोली, आणि तिच्याबद्दल मालकांशी बोलायला एकही माणूस गेला नव्हता. शपथ घेतली म्हणजे काम झालं, असं सगळ्यांना वाटत होतं.

रविवारी संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानासमोर सभा भरली. दुपारीच काकांनी गठ्ठे पोचवले होते, त्यामुळे सगळी सभा कडक इस्त्रीत. अध्यक्ष उभे राहिले.

"आपल्यात फितूर आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी नर्सबाईकडे बघितलं. "यांच्या हातात त्या दुकानाची पिशवी लोकांनी पाहिली आहे. मावशींच्या पोटावर पाय देताना काही वाटलं नाही?"

"पाहिली असेल," नर्सबाई म्हणाली. "मी जाते. मी मावशींना स्वतः सांगितलंय."

"ऐका. वर तोंड करून सांगतात," न्हावी म्हणाला. शिंपीणकाकूंनी मान हलवून च्यक च्यक केलं. नर्सबाईचा चेहरा पडला.

मावशी कडेला स्टुलावर बसली होती. कायदा तिला पाठ होता. खिशातलं खिशात, अवाक्षर नाही. ती शांतपणे म्हणाली, "अध्यक्ष, किती घाम आलाय तुम्हाला. रुमाल काढा."

अध्यक्षांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि झटकला. घडीतून नारिंगी टोकन उडालं, टप्पे खात गेलं आणि न्हाव्याच्या चपलेशी गोल फिरून आडवं झालं.

 मग एकेकाचा हात आपापल्या खिशाकडे गेला. न्हाव्याचा गेला, शिंपीणकाकूंचा एप्रनाकडे गेला, आणि प्रत्येकाला ते तिथे लागलं.

"मी काही बोलले का?" मावशी म्हणाली.

"हे कसं आलं, मला कल्पना नाही," अध्यक्ष म्हणाले.

"पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला एक फुकट असतं," काका मागून म्हणाले, आणि स्वतःचं टोकन वर धरलं. "टोमॅटो चांगले आहेत तिथले."

"टोमॅटोचं काय घेऊन बसलात, अंडी बघा," न्हाव्याच्या तोंडून निघून गेलं.

मग जे हसणं सुरू झालं ते आवरेना. शिंपीणकाकू भिंतीला टेकल्या. अध्यक्षांनी त्याच रुमालाने डोळे पुसले. हसून झाल्यावर नर्सबाईच्या शेजारची जागा, जी मघाशी रिकामी झाली होती, तिथे तिघंजण दाटीवाटीने येऊन बसले.

"मला टोकनाचा राग नाही," मावशी म्हणाली. "तुम्हाला दुकानही हवंय आणि मीही हवीय. मग तसं म्हणा की. दुकानाला म्हणू नका, मालकांना म्हणा. परवा तो कॉफीवाला जागा बघायला येतोय."

"म्हणायचं कसं?" अध्यक्षांनी विचारलं. "मोर्चा काढू? मी फलक रंगवतो."

नर्सबाईने सगळ्या सभेवरून नजर फिरवली. सगळी सभा कडक. "फलक कशाला?" ती म्हणाली. "मावशी, उद्यापासून दुकान बंद ठेवा."

मंगळवारी सकाळी कॉफीवाला मालकांबरोबर आला तेव्हा जिन्याखाली कुलूप होतं आणि गल्ली रस्त्यावर होती. पण काय ती गल्ली. लोक आदल्या रात्री कपडे उशीखाली चुरगळून झोपले होते. न्हाव्याचा डगला भजी बांधून आणलेल्या कागदासारखा दिसत होता. अध्यक्षांनी तर चित्रकलेचं सगळं कसब पणाला लावून कॉलरचं एक टोक आकाशाकडे आणि दुसरं पाताळाकडे वळवलं होतं. सगळे अत्यंत सभ्यपणे येरझाऱ्या घालत होते. मालकांचाही शर्ट चुरगळलेला होता, कारण इस्त्रीचा मावशीच्या कुलपात अडकला होता आणि त्यांनी कपाटाच्या तळातला घातला होता.

"इथे सगळे असेच असतात?" कॉफीवाल्याने विचारलं.

"मावशी असेपर्यंत नसतात," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात नव्या दुकानाचा मॅनेजर गडबडीत आला. तरुण पोरगा, परगावाहून एकटाच आलेला, शर्टाची अवस्था सगळ्यांपेक्षा वाईट.

"हाही तुमच्यातला?" कॉफीवाला म्हणाला.

"मी?" मॅनेजर गोंधळला. "मी रोजच असा असतो. इस्त्री कुठे करून मिळते हेच विचारायला आलोय."

कॉफीवाला पोट धरून हसला. "मालक," तो म्हणाला, "मी येता येता गल्लीत सगळ्यांना विचारलं, इथे काय हवं. एकानेही कॉफी सांगितली नाही. मी जागा घेतली तर मलाच इस्त्री शिकावी लागेल." तो नव्या दुकानाच्या बाजूची दुसरी जागा बघायला निघून गेला.

मालक कुलपासमोर उभे राहिले. स्वतःच्या बाह्यांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर फिरवली. "मावशी, माझा शर्ट आत आहे."

"आहे ना. करार झाला की देते."

"बघू."

"आत्ता बघा," मावशी म्हणाली.

आणि मालकांनी बघितलं. जुन्याच भाड्यावर, पुढची पाच वर्षं. सही करायला आत शिरताना त्यांनी मान झुकवली, ती नेहमीपेक्षा थोडी जास्त झुकली असं गल्लीचं म्हणणं आहे.

त्या संध्याकाळी मावशी काकांना घेऊन पहिल्यांदा नव्या दुकानात गेली. दाराशी मॅनेजर होता. तिने त्याची कॉलर दोन बोटांत धरून बघितली. "उद्या सगळे शर्ट घेऊन ये. खिसे रिकामे करून आण, नाहीतर मला कळेल तुझं सगळं." मग काकांचं टोकन फटीत घातलं, साखळी सुटली, आणि ती राणीसारखी ट्रॉली ढकलत आत शिरली.

काका तिच्या पुढे झाले आणि इकडेतिकडे न बघता सरळ बिस्किटांकडे वळले.

"काका, आज उशीर झाला?" गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "तुमची खारी बाजूला काढून ठेवलीय."

मावशी थांबली. काका छताकडे बघायला लागले.