घरमालकाचा फॉर्म मी भरला

आयर्लंडमध्ये घराच्या भिंतीला मुद्दाम भोक पाडून ठेवतात. हवा खेळती राहावी म्हणून. आतून एक जाळी, बाहेरून एक जाळी आणि मधून सुसाट वारा. स्वोर्ड्स गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात हे भोक नेमकं लेकीच्या उशाशी होतं. सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आतली जाळी काढून आपलं एक जुनं लुगडं त्यात कोंबलं. मी ते ओढून काढलं.

"आई, भोक बुजवायचं नसतं. ओल धरते, बुरशी येते."

"आन् पोरीची छाती भरतीया, त्याचं काय गं?"

त्यावर मी त्यांना चांगलं अर्धा तास ऐकवलं. लेक दारात उभी राहून म्हणाली, "मम्मी, स्टॉप गिव्हिंग आउट टू आज्जी." ओरडण्याला इथे गिव्हिंग आउट म्हणतात, आणि घरात ते काम माझ्याकडेच आहे. सासूबाईंनी लुगड्याची घडी घातली, प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, ठेवली आणि परत जाताना तिथेच सोडून गेल्या.

ऐकवायचा हक्क आहे असं मला वाटत होतं, कारण हाच माझा पोटापाण्याचा विषय. औषधांच्या कारखान्यात ऊर्जा वाचवणं हे माझं काम. युरोपचं धोरण काय सांगतं, नवी वीज बनवण्याआधी आहे ती कशी वाचवायची, यावर मी स्लाइड्स दाखवते आणि लोक डोनट खात माना डोलावतात. आमच्याकडे गोळ्यांच्या खोलीचं तापमान जरा हललं की अलार्म वाजतो. तिथून मी घरी यायचे तर माझी पोर कोट घालून गृहपाठ करत असायची. गोळ्यांचे लाड आणि माझ्या पोरीला इनहेलर! संताप यायचा नुसता.

घरमालक दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. रिटायर्ड, गोड बोलणारा, प्रत्येक गोष्टीला "ग्रँड", म्हणजे छान. बुरशी दाखवली तर म्हणाला, तुमच्या स्वयंपाकाची वाफ फार होते. म्हणजे यांच्या भिंती ओल्या आणि दोष माझ्या कुकरचा! प्रत्येक घराला इथे ए ते जी असं ऊर्जेचं रेटिंग असतं. याच्या घराला एफ होतं, म्हणजे जवळजवळ तळाचं. सरकार अशी घरं सुधारायला अनुदान देतं, पण ते मागायचं मालकाने. भाडेकरूने फक्त कुडकुडायचं.

"अनुदान घ्या ना," मी म्हटलं.

"तो फॉर्म कोण भरणार?" तो म्हणाला.

आणि मी, महामूर्ख बाई, म्हणाले, "मी भरते."

आमच्या चाळीत मुलगी दहावी झाली की शेजारी तिला आपली कारकून करून टाकायचे. रेशनकार्ड असो की बँकेचं खातं, फॉर्म माझ्याकडे. ती खोड अंगातून गेलेली नाही. मी त्याचा फॉर्म भरला. भिंतींचे फोटो काढले, ठेकेदारांना फोन केले, कामगार येणार म्हणून रजा टाकल्या. काम चालू होतं तेव्हा नवरा, लेक आणि मी, आम्ही तिघं स्वयंपाकघरात झोपलो. मालक मधूनच यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा, "ग्रँड" म्हणायचा आणि जायचा.

पण घर झालं हं झकास. भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन भरलं, खिडक्या बदलल्या, घर गरम ठेवणारा हीट पंप बसला, त्या भोकाच्या जागी व्यवस्थित वायुवीजन आलं. रेटिंग एफचं बी झालं. त्या हिवाळ्यात लेक एका पांघरुणात झोपली. एकदा इनहेलर शोधायची वेळ आली तर तो सापडेना, इतके दिवस लागला नव्हता. मला रडू आलं. ऑफिसात मी त्या घराची स्लाइड केली आणि टाळ्याही घेतल्या.

हिवाळा सरता सरता मालक घर रिकामं करायची नोटीस घेऊन आला. घर विकायचं ठरवलंय म्हणाला. आता रेटिंग छान आहे, गिऱ्हाईक लगेच मिळेल. वर माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुझ्यामुळेच झालं हे सगळं."

मी तो हात झटकला. म्हटलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? माझ्या लेकीला दम लागतो म्हणून मी हे केलं, तुमच्या विक्रीसाठी नाही. तो खरंच गोंधळला. इतकं छान काम झाल्यावर ही बाई का चिडते, हे त्याला कळेना. आणि नवरा आतून म्हणतो, "जाऊ दे, कायद्यात बसतं." बसतं ना, सगळं कायद्यात बसतं. ब्रसेल्सच्या तक्त्यात एक घर एफचं बी झालं. त्यात झोपणारी पोर कुठल्याच रकान्यात नाही. त्या दिवसापासून मी ऑफिसात ती स्लाइड दाखवत नाही.

लेकीची शाळा सुटू नये म्हणून स्वोर्ड्समध्येच घर शोधलं. रांगेत उभं राहून जे मिळालं ते घेतलं. पुन्हा एफ. पुन्हा लेकीच्या खोलीत भोक. नवी मालकीण बाई बरी वाटली. किल्ली देताना तिने सहज विचारलं, तू काय काम करतेस?

"कारखान्यात आहे," मी म्हटलं. "पॅकिंगला."

लेकीने माझ्याकडे चमकून पाहिलं. मी तिचा हात दाबला.

तिसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. रविवारी दुपारी ती पलंगावर बसून इनहेलर ओढत होती आणि तिचे खांदे वरखाली होत होते. तो फॉर्म मला अजून तोंडपाठ आहे. मालकिणीला एक फोन केला असता तर पुढचा हिवाळा उबेत गेला असता, आणि त्याच्या पुढचा कुठे, देव जाणे. मी फोन उचलला नाही. प्रेस उघडून सामानाबरोबर इकडे आलेलं सासूबाईंचं लुगडं काढलं, पलंगावर चढले आणि जाळी काढून ते भोकात कोंबायला लागले.

"बट यू गेव्ह आउट टू आज्जी फॉर दॅट," लेक धापा टाकत म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "आज्जीचं बरोबर होतं." आणि बाहेर लोंबणारा पदर बोटांनी आत ढकलला.